एकाच तव्यावरचे वडे
आमच्या धाराशिवात गोडाला आवर घालणं अवघडच. एकीकडे गावचे गुलाबजाम, दुसरीकडे कुंथलगिरीचे पेढे. अत्याबाईंना मधुमेह निघाला तरी त्यांचं ताट वेगळं लावणं मला पटत नाही. म्हणून आज सगळ्यांनाच भाजीचे वडे.

मेथी, शेपू, किसलेलं गाजर, किसून पिळलेला दुधी. भाजी इतकी, की पीठ फक्त तिला धरून ठेवण्यापुरतं. तेही हरभरा डाळीचं दोन वाट्या, ज्वारीचं एकच. शाळू ज्वारीच्या भाकरीवरच आम्ही वाढलो, पण ज्वारीतही पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. ‘ज्वारीचं आहे, कितीही खा’ हे मला मान्य नाही. डाळीतली प्रथिनं आणि पालेभाजीतला चोथा पचन लांबवतात, साखर एकदम उसळत नाही. ओवा, तीळ, लसूण-मिरचीचा ठेचा घातला, दुधी पिळून निघालेल्या पाण्यातच पीठ भिजवलं. चपटे थापून थोड्या तेलावर, झाकण ठेवून भाजले. तळले असते तर जास्त खमंग लागले असते, खोटं कशाला बोलू!

लेकानं सॉस मागितला. त्यात साखर असते, म्हणून दही आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली. अत्याबाई म्हणाल्या, “मीठ कमी हाय. आनखी एक वाढ.”