खोन काएनचा केक

दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे आणि नववीतली लेक थायलंडला गेलो. तिथल्या खोन काएन विद्यापीठात आमचा भाचा शेतीशास्त्र शिकतो. हे शहर बँकॉकपासून साडेचारशे किलोमीटरवर, ईशान्येकडील इसान भागात आहे. पहिल्याच संध्याकाळी बाजारात तळलेल्या नाकतोड्यांच्या आणि रातकिड्यांच्या पराती दिसल्या. लेक "शी!" म्हणत मागे सरली. विकणाऱ्या बाईला शब्द कळला नसेल, पण चेहरा कळला. तिने नजर वळवली. आम्हाला कसेसेच झाले. आमच्या डब्याकडे पाहून असाच चेहरा करणारे लोक आम्हीही पाहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी भाचा आम्हाला रातकिडे पाळणाऱ्या एका घरी घेऊन गेला. घरामागे पत्र्याची शेड आणि तिच्यात सिमेंटच्या विटांचे कमरेइतके उंच हौद होते. हौदांत अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावलेले, त्यांच्या खोलगटांत हजारो रातकिडे आणि वरून मच्छरदाणीसारखी जाळी. त्यांना कोंबड्यांचे खाद्य देतात आणि शेवटचे काही दिवस भोपळा घालतात, म्हणजे चव सुधारते. भाताचे जळके तूस भरलेल्या भांड्यांत माद्या अंडी घालतात. साधारण 45 दिवसांत माल तयार होतो. खोन काएन विद्यापीठाने 1998 मध्ये हे तंत्र शेतकऱ्यांना शिकवायला सुरुवात केली. पुढे 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने थायलंडमधील अशा शेतकऱ्यांची संख्या सुमारे 20,000 सांगितली. दोन्ही मुलींची फी यातूनच भरते, असे घरच्या बाईंनी भाच्याकरवी आम्हाला सांगितले.

मग त्यांनी स्वयंपाकघरात पिठाचा डबा उघडला. रातकिडे धुऊन उकळायचे, खडखडीत वाळवायचे आणि दळायचे. पीठ तपकिरी होते, वास भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटासारखा. यात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात, पण गव्हाचा चिकटपणा अजिबात नसतो, म्हणून नुसत्या या पिठाचा केक फुगत नाही. बाईंनी दोन वाट्या मैद्यात चार मोठे चमचे पीठ मिसळले, पिकलेली केळी कुस्करून घातली आणि थोडे जास्त दूध ओतले, कारण हे मिश्रण लवकर कोरडे पडते. फिनलंडमधल्या फाझर बेकरीने 2017 मध्ये असाच पाव विकायला आणला होता. एका पावात सुमारे 70 रातकिडे असत, तरी वजनाच्या हिशेबाने ते जेमतेम तीन टक्के.

केक तयार झाला आणि घरभर केळ्यांचा गोड वास पसरला. बाईंनी पहिला तुकडा लेकीपुढे धरला. भाचा घाईने म्हणाला, "मामी, हिला कोळंबी चालत नाही ना? मग हे मुळीच नको." कोळंबी आणि रातकिडा दूरचे भाऊबंद आहेत. एकाची ॲलर्जी असणाऱ्याला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो.

लेक मात्र वेगळ्याच विचारात होती. "अब्बू, टोळ हलाल आहे ना? मग हा का नाही? दिसतो तर तसाच!"

प्रश्न रास्त होता. टोळ माशाप्रमाणे जबह न करता हलाल आहे, हे हदीसमध्ये आले आहे आणि सहाबांनी मोहिमांवर तो खाल्ला आहे. बाकीचे कीटक मात्र हनफी आणि शाफई मसलकात खाण्यास योग्य मानले जात नाहीत. मालिकी मसलकात काही अटींवर मोकळीक आहे. इंडोनेशियातील उलेमा परिषदेने 2000 मध्ये रातकिडा टोळाच्याच जातीचा मानून, अपाय होत नसेल तर परवानगी दिली. आम्ही हनफी. आम्ही तिला इतकेच सांगितले, "बेटा, उलेमांत मतभेद आहेत. आपल्या घरात आपण टाळतो. पण शी म्हणत नाही."

आम्ही हात जोडून नकार दिला आणि भाच्याने कारण समजावले. बाई रागावल्या नाहीत. हसत आत गेल्या आणि उकडलेली अंडी, पपई, चिकट भात घेऊन आल्या. पाहुणा उपाशी जाऊ नये, ही रीत तिथेही आहे. लेकीने भाताची मूठ वळायला त्यांच्याकडूनच शिकून घेतले. निघताना दोन्ही हात जोडून तिने वाकून नमस्कारासारखी त्यांची रीत केली, तेव्हा बाजारातले ते "शी" थोडे तरी पुसले गेले असे आम्हाला वाटले.

परतीच्या प्रवासात आम्हाला 2020 चा मे महिना आठवला. आमच्या वरूड तालुक्यात टोळधाड आली होती. संत्र्याच्या बागांत लोक थाळ्या आणि डबे बडवत होते, धूर करत होते. टोळ हलाल असला तरी औषध फवारलेला टोळ खाणे म्हणजे विष खाणेच. आमच्यासाठी जे संकट होते, त्याचाच भाऊबंद तिकडे कुणाच्या तरी मुलींची फी भरतो.

आता किराणा आणला की लेक पाकिटे उलटून वाचते. परवा तिने लाल गोळ्यांचे एक पाकीट बाजूला ठेवले. त्यावर ई 120 लिहिले होते, म्हणजे कोचिनील किड्यापासून काढलेला रंग. "अम्मी, हे तर आपण इतकी वर्षे न वाचताच खात होतो," ती म्हणाली. आम्हा दोघा शिक्षकांकडे त्यावर उत्तर नव्हते. आम्ही चष्मा शोधला आणि डब्यातली बाकीची पाकिटे काढून बसलो.