सदाफुली

आमच्या पत्नीला लसिकाग्रंथींचा कर्करोग झाल्याची वार्ता धर्मग्रामात पसरायला दोन रविवार पुरले. मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर हात हाती घेऊन धीर देणारे पुष्कळ भेटले. त्यांच्या प्रेमाविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही; मात्र देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा पाहतो, हे सांत्वन आम्हां उभयतांना कधीच रुचले नाही. "एवढे लाड नकोत म्हणावं," असे ती घरी आल्यावर म्हणाली.

दर एकवीस दिवसांनी एक, अशा केमोथेरपीच्या सहा फेऱ्या डॉक्टरांनी नेमून दिल्या होत्या. पाचव्या फेरीच्या दिवशी ती जायलाच तयार नव्हती. उलट्या, केस गळणे, तोंडाची चव जाणे हे सारे तिने सोसले होते. परंतु चौथ्या फेरीनंतर बोटांची टोके बधिर झाली. ब्लाउजची हुके आम्ही लावून देऊ लागलो, त्यावर ती हसलीसुद्धा. जपमाळेचे मणी बोटांना कळेनासे झाले तेव्हा मात्र तिचे हसू मावळले. "कितवा नमो मरिया चाललाय तेच समजत नाही. पुरे झालं आता," एवढेच ती बोलली.

तरीही पहाटे वसई रोडहून लोकल धरली. कर्करुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून प्रवासाची मुभा असते, त्यामुळे बसायला जागा मिळाली. दादरहून टॅक्सीने परळ. तेथे प्रथम रक्ततपासणी. पांढऱ्या पेशी पुरेशा भरल्या नाहीत तर आल्या पावली परतावे लागते. तो अहवाल येईपर्यंतचे दोन-तीन तास सर्वांत जड. बाकावर शेजारी बिहारहून आलेले एक जोडपे होते. भाषा फारशी जुळली नाही, तरी डब्यातील चपाती त्यांनी आमच्यापुढे केली.

अहवाल बरा निघाला. डॉक्टरांनी टेबलावर एक नाणे ठेवून तिला उचलायला सांगितले. तिसऱ्या प्रयत्नात ते कसेबसे चिमटीत आले. व्हिन्क्रिस्टीन या औषधाने नसा दुखावतात, ते म्हणाले. औषध थांबल्यावर संवेदना बहुधा हळूहळू परतते, काही महिने लागतात, पूर्ण परतेलच अशी हमी देता येत नाही. आजार मात्र हटत आहे, म्हणून उपचार सोडू नयेत. त्या एका औषधाची मात्रा निम्मी करू. "बाहेर बसून ठरवा," असेही म्हणाले. रुग्णाला असे विचारणारा डॉक्टर लाभणे हे आम्ही भाग्य समजतो.

बाहेर ती बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिली. आम्ही काही सुचवले नाही. दुखणे तिचे होते, निर्णयही तिचाच. शेवटी पदर सावरून उठली. "अर्धं तर अर्धं. चला."

रितुक्सिमॅबची बाटली अगदी संथ थेंबांनी चढते. त्याआधी दिलेल्या औषधाने गुंगी येते, त्यामुळे दुपारपर्यंत ती पेंगत होती. मग लालभडक डॉक्सोरुबिसिन आले. लघवी तांबूस झाली तर घाबरू नका, असे परिचारिकेने बजावले. हे औषध शिरेबाहेर झिरपले तर मांस जळते, म्हणून ती हातावरची नजर ढळू देत नव्हती. व्हिन्क्रिस्टीनची पाळी त्यानंतर. पूर्ण मात्रासुद्धा सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाही. आज त्याच्याही निम्मे.

ते कशापासून बनते, हे आम्ही तिला तेव्हा सांगितले. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून! मूळ मादागास्करचे हे झाड. मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून त्याची ख्याती होती. कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी पानांचा अर्क तपासला तेव्हा साखर काही उतरली नाही, प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टीन हाती आले आणि थोड्याच वर्षांत त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टीन.

तिचे डोळे उघडले. वसईच्या दफनभूमीत तिच्या आईच्या कबरीवर तिनेच सदाफुली लावली आहे. शेळ्या तोंड लावत नाहीत, उन्हाळ्यात पाणी घातले नाही तरी तगते, म्हणून. "म्हणजे आईच्या उशाचं झाड आज माझ्या हातात चाललंय," ती म्हणाली, आणि सुई टोचलेला हात तिने किंचित वर उचलून पाहिला. परिचारिकेने तो लगेच खाली ठेवायला लावला.

घरी पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले. पेज दोन चमचे पोटात गेली. जपमाळ आम्ही हाती धरली. मणी आम्ही सरकवायचे, प्रार्थना तिने म्हणायची, असे ठरले. तिसऱ्या दशकात तिचा डोळा लागला. उरलेली दोन आम्ही हलक्या आवाजात पूर्ण केली आणि पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या सकाळसाठी मोजून ठेवल्या.