उरलेल्या गोळ्या

नांदेडच्या होस्टेलमध्ये माझ्या टेबलाचा एक खण गोळ्यांचाच होता. कुणाचा कोर्स अर्धवट सुटला की उरलेलं पाकीट तिथं यायचं. अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांपैकी दोन घेतल्या, ताप उतरला, तिसरी खणात. पुढं कुणाचा घसा धरला की ती बाहेर निघे. सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते, तिला हे औषध लागू पडत नाही, हे पेपरात लिहून आम्ही गुण मिळवले होते. चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगायला २०१६ साली आरोग्य मंत्रालयानं ज्या लाल रेषेची मोहीम काढली, ती रेषाही पाकिटावर दिसायची. तरी हात खणाकडेच जाई. औषधाचं नाव आलं की आजार कळला असं वाटायला लागतं. डॉक्टरकीच्या शिक्षणातली मला हीच पायरी सगळ्यांत धोक्याची वाटते.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ च्या नोबेल व्याख्यानात एक कल्पित गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून एक माणूस आपल्या मनानंच पेनिसिलिन घेतो. जंतू मरण्याइतकं नाही, त्यांना सोसायची सवय लागेल इतकंच. तेच जंतू बायकोला लागतात, तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. मी ती गोष्ट वाचली तेव्हा मला ताडकळसचं आमचं घर आठवलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत आईचे गुडघे ठणकत. सुट्टीला जाताना मी त्याच खणातलं डायक्लोफेनॅकचं पाकीट नेलं. ‘जेवून घेत जा,’ एवढं सांगितलं. ते संपल्यावर तिनं मेडिकलवर रिकामं पाकीट दाखवून दुसरं आणलं, मग तिसरं. चिठ्ठी कुणी मागितली नाही.

काही महिन्यांनी तिचे पाय सुजले. परभणीच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, ते बरंच चढलं होतं. डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाकडं जाणारं रक्त कमी करतं, अंगात मीठ-पाणी साठवतं.

‘ही गोळी कुणी लिहून दिली?’

‘माझ्या लेकानं,’ आई कौतुकानं म्हणाली. ‘डॉक्टर व्हायलाय.’

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. ते तिलाच विचारत राहिले: रोज घेता का? किती दिवस झाले? दिवसभर उन्हात पाणी किती पिता? लघवी कमी झालीय का? आई एकेक उत्तर देत होती. ती उत्तरं मीही तिथंच पहिल्यांदा ऐकत होतो.