४० सेकंदांचे अंतर

सांगलीच्या गणपती पेठेतील त्या हळदीच्या अडत दुकानात गादीच्या डाव्या हाताला एक फळी होती आणि फळीवर रेडिओ होता. १९६३ साली सांगलीत आकाशवाणी केंद्र सुरू झाले, त्याच सुमारास वडिलांनी तो आणला. रेडिओचा परवाना तेव्हा टपाल कार्यालयातून घ्यावा लागे आणि त्याचे नूतनीकरण न चुकता करावे लागे. ते पुस्तक तिजोरीत, दुकानाच्या परवान्याशेजारी असे. सकाळच्या बातम्या चालू असताना कितीही मोठे गिऱ्हाईक आले, तरी वडील हातानेच 'बसा' अशी खूण करीत. अण्णा तेव्हा १७ वर्षांचे होते, बापू त्यांच्याहून ६ वर्षांनी लहान. दोघेही त्या फळीखाली बसूनच व्यापार शिकले.

६ वर्षांपूर्वी वाटणी झाली. भांडण झाले नाही, कोर्टकचेरी तर नाहीच. दुकान बापूंकडे राहिले, अण्णांच्या वाट्याला रोख व घर आले, आणि चार लोकांत सारे काही शोभेसे पार पडले. पुढे अण्णांच्या डोळ्यांनी दगा दिला. वर्तमानपत्रातील अक्षरे विरघळल्यासारखी दिसू लागली, तेव्हा मुलाने त्यांना पुण्याला नेले. बापू तेथे रोज सकाळी बातम्या संपल्या की फोन करीत. बोलणे बातमीचेच असे: धरणातील पाणी, हळदीचा बाजार, दिल्लीतील घडामोडी. इतर विषय नव्हते असे नाही; परंतु ते दोघांनीही वाटणीच्या कागदांबरोबर बांधून ठेवले होते.

पुण्यातील नवव्या मजल्यावर अण्णांचा जुना संच नुसता खरखरत राहिला. सांगलीची मध्यम लहर १२५१ किलोहर्ट्झवर येते. दिवसा सव्वादोनशे किलोमीटरवर ती क्षीण होते, त्यात इमारतीतील लोखंड आणि प्रत्येक खोलीतील एलईडी दिवे व चार्जर यांचा गोंगाट मिसळतो. म्हणून मुलाने आपल्या जुन्या स्मार्टफोनवर सांगली केंद्र लावून दिले. त्या फोनमध्ये सिमकार्ड नव्हते, तो घरच्या वायफायवर चाले. हे योग्यच झाले, कारण एकाच फोनवर रेडिओ आणि संभाषण दोन्ही असले की फोन येताच रेडिओ गप्प होतो. बोलण्यासाठी अण्णांचा कळांचा साधा फोन होताच.

दोन आठवडे बरे गेले. मग रेडिओ मध्येच थांबू लागला. मुलगा म्हणाला, नेट मंद आहे. सूनबाई म्हणाल्या, नवा फोन घेऊ या. शेजारच्या गृहस्थांनी तर केंद्रच बंद झाले असेल असा निर्वाळा दिला. घरात रोग्यापेक्षा वैद्य जास्त झाले की काय होते, हे सांगावयास नको. अण्णांनी दुसऱ्यांदा कोणाला विचारले नाही. त्यांनी फोन उशाखाली ठेवून दिला. त्याच दिवसापासून बापूंचा फोनही थांबला, किंवा खरे म्हणजे अण्णांनी तो उचलणे थांबवले. बातम्याच ऐकल्या नाहीत, तर बोलावयाचे काय? दोन दिवस घंटा वाजली, तिसऱ्या दिवसापासून वाजली नाही. असे ९ दिवस गेले.

दहाव्या दिवशी वसतिगृहातून नात आली. तिने उशाखालचा फोन पाहिला आणि लगेच त्यातील सारे पुसून पुन्हा बसवावयास निघाली. अण्णांनी तिला थांबवले.

"रोजमेळ जुळला नाही म्हणून कोणी वही जाळत नाही, बाळ. एका वेळी एकच रकाना तपासायचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

"मग अण्णा, पहिला रकाना केंद्राचा. तिकडून आवाज निघतो का, हे आधी कळायला हवं. सांगलीत कुणाला तरी विचारा."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कळांच्या फोनवरून क्रमांक फिरवला. तो त्यांना न पाहता येत होता.

"बापू, तुझ्याकडं रेडिओ लागतो का रे?"

"लागतो की. ऐका." बापूंनी फोन सरळ संचाला टेकवला. ९ दिवसांची चौकशी कोणीच केली नाही. दोन मिनिटे दोघांनीही शेतीविषयक कार्यक्रम ऐकला आणि फोन ठेवला.

केंद्र ठीक होते; म्हणजे तफावत अलीकडची. नातीने दुसरे केंद्र लावले, तेही थांबले. म्हणजे सांगलीच्या प्रवाहाचा दोष नव्हे. मग वायफाय सोडून स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट जोडून दिला, तरीही तेच. सूनबाईंना वाटले, मुलीचा डेटा संपेल. अण्णांनी तोंडी हिशेब विचारला. प्रवाह सेकंदाला ६४ किलोबिटचा असेल तर ८ किलोबाइट, म्हणजे ताशी सुमारे २९ मेगाबाइट. रोज ४ तास ऐकले तरी महिन्याला साडेतीन गिगाबाइटच्या आत. "एवढ्याला नवा फोन घ्यायला निघाला होतात," एवढेच ते म्हणाले.

खूण सापडली ती घड्याळावर. रेडिओ केव्हाही लावला तरी पडदा काळा झाल्यावर १० मिनिटांच्या आसपास तो थांबे. पडदा उजळलेला असेल तर थांबत नसे. फोनचा बॅटरी वाचवणारा भाग, कोणी पाहत नाही असे समजून, ते ॲप झोपवीत होता. आवाज ऐकणारा माणूस पडद्याकडे पाहत नसतो, आणि अण्णा तर पाहूच शकत नव्हते. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपच्या बॅटरीच्या रकान्यात 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडले आणि बॅटरी सेव्हर बंद केला. रेडिओ संध्याकाळपर्यंत चालला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला तो पुन्हा अडखळला. या वेळी मात्र तऱ्हा निराळी होती: तुटक तुटक, दोन-तीन मिनिटे, मग आपोआप सुरळीत. मुलगा म्हणाला, "म्हणजे ते बॅटरीचं नव्हतंच." अण्णांनी मान हलवली. एक चूक सापडली की कारकून मेळ मिटवतो. पण पहिल्या चुकीखाली कधी कधी दुसरी दडलेली असते, हे त्यांनी पन्नास वर्षे पाहिले होते. त्यांनी फक्त विचारले, "सव्वासातला घरात काय होतं?"

सव्वासातला सूनबाई मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवीत. वायफायचा राउटर फ्रिजवर, भट्टीच्या अगदी लगत होता. भट्टीच्या लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, आणि वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, बंद दारातून निसटणारा थोडासा अंशही तेथे गोंधळ घालण्यास पुरतो. राउटर दिवाणखान्यातील कपाटावर नेला, फोनला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दिला. दूध तापत राहिले आणि बातम्याही चालत राहिल्या.

त्या दिवशी बापूंनी बातम्या चालू असतानाच फोन केला, आणि एक विचित्र गोष्ट उघड झाली. बापूंच्या मागे निवेदिका जे बोलत होती, ते अण्णांच्या रेडिओवर अजून यावयाचे होते. अण्णांनी घड्याळ धरले: ४० सेकंद.

नातीने कारण सांगितले. सांगलीत मध्यम लहर क्षणात पोहोचते. येथे मात्र आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे पाडून ते साठवले जातात, मग फोन त्यातील काही तुकडे आगाऊ जमवून वाजवावयास घेतो. गोदामात चार पोती शिल्लक असली की एका दिवसाची गाडी चुकली तरी दुकान अडत नाही, तसेच हे. मध्ये अडखळले की अंतर आणखी वाढते. ॲप बंद करून पुन्हा लावले की वाढलेले अंतर निघून जाते. परंतु मुळातील अंतर जात नाही. त्यामुळे वेळेच्या टिकटिकीवर घड्याळ लावण्याच्या कामी हा रेडिओ निरुपयोगी आहे. अण्णांनी त्यावर नाराजी दाखवली. घड्याळ लावणे हा त्यांचा सकाळचा नेम होता.

आता बापू फोन करण्याआधी आपल्या संचाचा आवाज बारीक करतात, नाहीतर अण्णा रागावतात: "थांब, सांगू नकोस." परवा त्यांनी विचारले,

"संपल्या का अण्णा तुमच्या बातम्या?"

"हवामान राहिलंय."

"आमचं झालं. सांगू?"

"नको. तू थांब."

बापू थांबले. फोन चालूच होता.