बाईंच्या खोलीतला दिवा

नगरच्या कापडबाजारामागील जुने घर सोडून सावेडीला राहायला जाण्याचे ठरले, तेव्हा त्या कुटुंबाने सामानाच्या आधी तुळया हलवल्या. वाटण्या होऊन जुने घर उतरवले जाणार होते. त्यातील सागवान भंगाराच्या भावात द्यायचे नाही, असे थोरल्या मुलाने भावांना सांगून टाकले. नव्या घराच्या लाकूडकामासाठी शक्यतो एकही हिरवे झाड पडू नये, ही त्याच्या आईची इच्छा होती. साऱ्या घराने त्यांना बाई म्हणायचे, अशी जुनीच रीत. ही इच्छा व्यवहाराच्या दृष्टीनेही तोट्याची नव्हती. नव्या लाकडातील ओल उडू लागली की ते आक्रसते, पीळ खाते. पिढ्यान्‌पिढ्या छपराखाली वाळलेल्या तुळईचे हे भोग बहुतेक भोगून झालेले असतात.

मिस्त्री मूळचा जोधपूरकडचा. त्याने प्रत्येक तुळईवरून लोहचुंबक फिरवले, खिळे उपटले आणि मगच करवत लावली. एक लपलेला खिळा पात्याचे दात घालवतो. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाई रोज खुर्ची टाकून काम पाहत बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "मिस्त्री, सांधे सरसाने जोडणार का?" प्रश्न त्यांच्या माहेरच्या काळातला होता. तेव्हा सुतार जनावरांची हाडे-कातडी उकळून केलेला सरस वापरत. १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आले आणि पुढे हा पांढरा कृत्रिम गोंद घरोघरच्या सुतारकामात रूढ झाला. मिस्त्रीने डबा दाखवला. "आणि पॉलिश?" लाखेचे पॉलिश त्याच्या हातचे उत्तम, पण बाईंनी मान हलवली. लाख म्हणजे बारीक किड्यांचा स्राव. फांद्यांवरून ती खरवडून काढताना असंख्य किडे मरतात. शेवटी अळशीच्या तेलावर समेट झाला. तेल मुरायला दिवस लागतात, चकाकीही फारशी येत नाही. सजावटकार बाई थोड्या खट्टू झाल्या.

सुनेला हवे होते ते शांत घर. दिवसभर दुकानात गिऱ्हाईक, हमाल, शटरचा खडखडाट; घरी आल्यावर निदान कपाटांनी तरी ओरडू नये, एवढेच तिचे मागणे. म्हणून बिजागऱ्या आणि खणांच्या पट्ट्या सावकाश मिटणाऱ्या घेतल्या. खण ढकलला की शेवटच्या वितीवर त्याचा वेग मोडतो आणि तो श्वास सोडल्यासारखा आत बसतो. दूरदर्शनचा पडदा सरकत्या सागवानी दारांमागे गेला. तारा भिंतीच्या पायपट्टीत दडल्या. वायफायचे यंत्र फडताळात ठेवले, कारण लाकूड लहरींना फारसे अडवत नाही. धातूचे कपाट किंवा मोठा आरसा मात्र अडवतो. यंत्र तापते म्हणून फडताळाला खाली-वर जाळी दिली. रिमोटचा किरण लाकडातून जात नाही, तेव्हा चौकटीत मसुराच्या दाण्याएवढा एक डोळा बसवला. ही सगळी आखणी नातवाची. तो पुण्यात संगणकाचे काम करतो, आणि यंत्रे डोळ्यांआड कशी करावीत याचे त्याला वेडच आहे.

स्वयंपाकघरातील दिवे त्याने २७०० केल्विनचे, पिवळसर घेतले. निळसर-पांढऱ्या उजेडाच्या मानाने अशा उजेडाकडे किडे कमी झेपावतात. घरात चौविहार असल्याने सूर्यास्तानंतर तिथे फारसे कोणी जात नाही, तरी चातुर्मासात एवढी यतना बरी. बाईंना ही गोष्ट फार आवडली. आल्यागेल्या प्रत्येकाला त्या तो दिवा दाखवीत.

बाईंच्या खोलीत मात्र नातवाने सर्वांत जास्त जीव ओतला होता. आदल्या वर्षी जुन्या घराच्या जिन्यात पडून त्यांचे मनगट मोडले होते. म्हणून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत छतात आणि पायपट्टीत त्याने हालचाल ओळखणारे दिवे बसवले. माणसाच्या शरीरातून निघणारी उष्णता सरकली की त्या यंत्राला कळते, आणि बटण न दाबता दिवा लागतो. थोडा वेळ हालचाल नसली की आपोआप मालवतो. अंधारात चाचपडणे नको, बटण शोधणे नको. वृद्धांच्या घरासाठी याहून चांगली सोय क्वचितच असेल.

जानेवारीत सुनेच्या लक्षात आले की बाईंची आयंबिले वाढली आहेत. तिथी नाही, ओळी नाही, आणि तरी आठवड्यातून दोनदा. विचारले तर "मनात आले" एवढेच उत्तर. एका पहाटे पाणी प्यायला उठलेल्या सुनेला गॅलरीचे दार उघडे दिसले. बाहेर कडाक्याच्या थंडीत, उघड्या फरशीवर आसन टाकून, मुहपत्ती बांधून बाई सामायिकाला बसल्या होत्या.

अठ्ठेचाळीस मिनिटे पूर्ण होईपर्यंत सून दाराशी उभी राहिली. मग सारे उलगडले. बाई पन्नास वर्षे पहाटेचे सामायिक आणि प्रतिक्रमण अंधारातच करीत आल्या होत्या. बसून राहिल्या तोवर ठीक. पण तिक्खुत्तोच्या पाठाला उठून वंदना केली की डोक्यावर दिवा लागे. पुन्हा बसल्या की मालवे. पुन्हा वंदना, पुन्हा दिवा. वीज सचित्त की अचित्त याविषयी संप्रदायांत मतभेद आहेत आणि ते या घरात सुटणारे नव्हते. बाईंपुरता प्रश्न साधा होता. श्रावकाच्या सामायिकात पाप स्वतः न करणे आणि दुसऱ्याकडून न करविणे, हे दोन्ही नियम असतात. इथे त्यांच्या अंगच्या उष्णतेनेच यंत्राला हुकूम दिला जात होता, आणि हात तर जोडलेले होते. म्हणून त्यांनी साध्वीजींना न विचारता स्वतःच प्रायश्चित्त ठरवून घेतले होते.

"बाई, तुम्ही सांगितले का नाही?" नातवाचा आवाज दुखावलेला होता.

"तू माझ्या पायांसाठी केलेस," बाई म्हणाल्या. "त्यात दोष काय काढायचा?"

वडिलांचे म्हणणे पडले, दिवा राहू द्यावा. दुसऱ्यांदा हाड मोडले तर या वयात अंथरूण धरावे लागेल. हेही खोटे नव्हते. वयस्कर माणसाचे एक पडणे घरातली किती वर्षे खाते, हे त्या कुटुंबाने बाईंच्या सासूबाईंच्या वेळी पाहिले होते. दोन दिवस घरात त्यावर कोणी बोलले नाही. खण तेवढे नि:शब्द मिटत होते.

तोड सुचली मिस्त्रीला. जुन्या घरात बाई अंधारात कशा वावरत, असे त्याने विचारले. भिंतीला हात लावून, त्या म्हणाल्या. कोनाडा लागला की वळायचे. उरलेल्या एका तुळईतून त्याने चाळीस मिलिमीटर जाडीचा गोल कठडा काढला आणि भिंतीपासून पन्नास मिलिमीटर अंतर ठेवून पलंगापासून आसनापर्यंत व तिथून न्हाणीघरापर्यंत बसवला. असे कठडे ऐंशी ते नव्वद सेंटिमीटर उंचीवर लावतात. याने बाईंना उभे करून, त्यांचा मोडून सांधलेला हात जिथे सहज टेकला, तिथे पेन्सिलीची खूण केली. जोड खिळ्यांचे नाहीत, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत. आसनाच्या जागी त्याने कठड्याच्या खालच्या अंगाला बोटभर खोबण कोरली. हाताला ती लागली की थांबायचे.

नातवाने न्हाणीघरातला दिवा तसाच ठेवला आणि खोलीतली यंत्रे काढली. पलंगाशेजारी एक साधे, चांगले खट्‌कन वाजणारे बटण आले. ते बाईंनीच दोन-तीन दुकाने पालथी घालून आणविले. सबंध घरात आवाज करणारी तेवढी एकच वस्तू, म्हणून सजावटकार बाईंनी नाक मुरडले. कठडा मात्र त्यांनी दोनदा हात फिरवून पाहिला.

यंत्र काढल्यावर छताच्या लाकडी फळीला एक वाटोळे भोक राहिले होते. मिस्त्रीने त्याच तुळईची चकती कापून, रेघेला रेघ जुळवून ते बुजवले आणि तेल चोळले. दिवसाउजेडीही ती जागा चटकन सापडत नाही. बाई खाली आसन टाकतात, तेव्हा तर खोलीत अंधारच असतो.