खाऱ्या पाण्यातली सुरी

आमची थोडी भातशेती आणि वीस-बावीस माड कर्ली खाडीच्या काठाला आहेत. भात जेमतेम पोटाला पुरतं, वरखर्चाचं खाडी बघते. मी काही खरा मच्छीमार नव्हे, पण होडी आहे, जाळं आहे, आणि काळुंदर मिळालं तर घरात कोणी नको म्हणत नाही.

होडीत माझ्याकडे एक सुरी असायची. गावच्या लोहाराने ट्रकच्या पाट्याच्या तुकड्यातून घडवलेली. धार अशी, की ओला सुंभ लोण्यासारखा कापायची. तिला चामड्याचं म्यान मीच शिवलं होतं. चामडं खारं पाणी पितं आणि धरून ठेवतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. चुलतभाऊ दोनदा म्हणाला होता, "दादा, सुरयेक वायच तेल लाव." मी उद्या उद्या करत राहिलो.

पंधरा-सोळा वर्षं झाली त्याला. ओहोटीला जोर होता. भावाने नांगर टाकला आणि दोराचा वेढा त्याच्या घोट्याला बसला. नांगर तळाला रुतला, होडी पाण्याबरोबर खाली ओढायला लागली, आणि मधे त्याचा पाय. तो होडीचा काठ धरून आडवा. "दादा, काप!" एवढंच ओरडला. मी सुरी ओढली, निघेना. गंजाने म्यानाला धरून बसलेली. दातांनी म्यान धरून ओढलं, तेव्हा मूठ हातात आली आणि पातं आतच राहिलं. शेवटी नारळ सोलायचा कोयता फळीखाली सापडला, त्याने दोर तोडला. घोट्याचं हाड मोडलं होतं.

तो प्लास्टरात असताना मी मालवणच्या बाजारात नवी सुरी बघायला गेलो. दुकानदार म्हणाला, "स्टेनलेस घ्या, कधी गंजणार नाही." आमच्याकडे पारख एकच, लोहचुंबक लावायचा. चिकटला नाही तर अस्सल स्टेनलेस. मीही खिशात चुंबक नेला होता. पण गोव्यात बोटींच्या कारखान्यात काम करणारा माझा भाचा हसला. म्हणाला, मामा, न चिकटणारं ते भांड्यांचं स्टील, त्यात क्रोमियम अठरा टक्के आणि निकेल आठ. गंजत नाही खरं, पण तापवून पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही, मग धार टिकणार कशी? सुरीच्या स्टीलला चुंबक चिकटतोच. त्यात क्रोमियम बारा-चौदा टक्के असलं आणि कार्बन बेताचा असला, तर धार पुन्हा पुन्हा लावावी लागते, पण खाऱ्या पाण्यात निभावतं. कार्बन वाढवला की धार टिकते आणि गंजही लवकर धरतो. दोन्ही हातांत लाडू नाही.

दहावीच्या पलीकडे माझं शिक्षण नाही, म्हणून मी आपली परीक्षा घेतली. तीन करवंट्यांत खाडीचं पाणी भरलं. एकीत लोहाराची दुसरी सुरी, दुसरीत जत्रेतली स्वस्त, तिसरीत भाच्याने आणलेली. आठ दिवस गोठ्यात ठेवल्या. लोहाराची सकाळपर्यंत लाल. स्वस्तीचं पातं लखलखीत, पण मुठीच्या खिळ्याशी आणि सांध्यात काळे ठिपके. भाचा म्हणाला, स्टेनलेसवर एक पातळ पापुद्रा असतो, तो हवेने पुन्हा भरून येतो. फटीत हवा पोचत नाही, मीठ मात्र बसून राहतं. तिसरीला काही झालं नव्हतं.

तिसरीच घेतली. प्लास्टिकची मूठ थेट पात्यावर ओतलेली, खिळा नाही. पात्याच्या अर्ध्या भागाला करवतीसारखे दाते, नायलॉनचा दोर त्यांनीच कापला जातो. टोक बोथट, कारण हलत्या होडीत टोकदार सुरी आपल्याच मांडीत जाते. म्यान प्लास्टिकचं, खाली भोक पाडलं, पाणी निथळायला. किंमत ऐकून बायको म्हणाली, "ह्या पैशात चार विळे इले असते." बरोबर होतं तिचं. विळ्याची धार हिला येत नाही. महिन्यातून दोनदा घासावी लागते.

घरी आलो की विहिरीच्या पाण्याने धुतो, पुसतो, खोबरेल लावतो आणि म्यानाबाहेर ठेवतो. स्टेनलेस म्हणून सोडून देत नाही.

भाऊ अजून थोडा लंगडतो. त्याने मला कधी बोल लावला नाही. पण होडीत पाय ठेवण्याआधी माझ्या कमरेकडे बघतो, हात पुढे करतो. मी सुरी देतो. तो ती एकदा म्यानातून काढतो, परत घालतो, आणि मग वल्हं उचलतो.