आमच्या घरातली ललिता पवार

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मैत्रिणींशी बोलताना मी सासूबाईंना 'आमच्या ललिता पवार' म्हणायचे. एकदा फोनवर असंच म्हणाले, वळून बघते तर त्या दारात उभ्या! आता महाभारत होणार असं वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "नाव घेतेस तर तिचं काम तरी बघ. नुसता डोळा काय बघतेस?"

तेव्हा बघितलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनवर 'रामायण' परत लागलं, तेव्हा माझ्या मुलाने मंथरेकडे बघून विचारलं, "ही सारखी डोळा का मारते?" सासूबाई त्या वेळी आमच्याकडेच अडकल्या होत्या. त्यांनी त्याला शेजारी बसवून सगळं सांगितलं, तेव्हा मीही ऐकलं.

येवल्याची अंबा सगुण. मूकपटांच्या काळात, अगदी लहानपणी कामाला लागली. पुढे नायिका झाली, स्वतः निर्मातीही झाली. १९४२ मध्ये एका शूटिंगला थोबाडीत मारायचा सीन होता. मास्टर भगवान यांचा हात जोरात बसला. चेहऱ्याला पक्षाघात झाला, उपचारांत वर्षं गेली आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामं संपली. आपण हा 'किस्सा' म्हणून सांगतो. खरं तर तो कामाच्या जागी झालेला अपघात होता, आणि त्याची किंमत एकटीने भरली.

भरली म्हणजे कशी, तर त्या डोळ्यासकट पुढे जवळपास पन्नास वर्षं काम करून. १९४४ मध्ये 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'त ती आनंदीबाई झाली. पुण्यात आजही शनिवारवाडा दाखवताना 'ध'चा 'मा' सांगितल्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही. खून पेशवाईतल्या पुरुषांच्या भांडणातला, पण लक्षात राहिली बाई. मंथरेचंही तेच. वर मागितले कैकेयीने, दिले दशरथाने, आणि नाव कुणाचं खराब झालं? अशा बायका पडद्यावर उभ्या करायला आपल्याला ललिताबाईच लागल्या, आणि मग आपण त्यांचंच नाव शिवीसारखं वापरलं. मीही त्यातलीच.

'श्री ४२०' मधली केळेवाली गंगामाई मात्र कुणी सासूला म्हणत नाही. 'अनाडी'तली मिसेस डिसा तर मी लॉकडाऊनमध्येच पहिल्यांदा पाहिली. तोंडाने भाडेकरूला फाडून खाते आणि मागून त्याचीच काळजी करते. शेवटी भेसळीच्या औषधाने मरते. १९५९ च्या त्या सिनेमासाठी तिला फिल्मफेअर मिळालं. सासूबाईंना तो जवळजवळ पाठ आहे.

तर, ही पोस्ट लिहायचं कारण. २४ फेब्रुवारी १९९८ ला ललिताबाई गेल्या, आपल्याच पुण्यात, औंधला. घरात एकट्या होत्या. नवरा आजारपणामुळे मुंबईत. फोन कुणी उचलेना म्हणून दोन-तीन दिवसांनी कळलं. जिला सगळा देश ओळखत होता तिच्याबाबतीत हे झालं.

सासूबाई आता ८३ वर्षांच्या आहेत आणि कर्वेनगरला एकट्या राहतात, स्वतःच्या हट्टाने. गेल्या महिन्यात सकाळी साडेआठ ते अकरा त्यांचा फोन लागत होता, उचलत नव्हत्या. बाणेरहून तिथे पोचेपर्यंत माझं काय झालं ते सांगत नाही. दार वाजवलं तर आत टीव्ही मोठ्याने चालू, फोन उशीखाली. "काय झालं? इतक्या घाबरून का आलीस?"

त्यांच्या सोसायटीच्या गेटवर पाहुण्यांची नोंदवही आहे, गाड्यांचे नंबर आहेत, कुत्र्यांचीसुद्धा यादी आहे. एकटी राहणारी म्हातारी माणसं किती आणि कुठल्या फ्लॅटमध्ये, हे कुणाकडे लिहिलेलं नाही. मी सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "पुढच्या मीटिंगला घेऊ." तुमच्या सोसायटीत अशी यादी आहे का, कमेंटमध्ये सांगा. नसेल तर या रविवारी जिने चढून तुम्हीच करा, चार-पाच दारंच असतील.

आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय. एक किल्ली समोरच्या काकूंकडे, आणि रोज सकाळी आठला फोन. काल उचलल्या उचलल्या म्हणाल्या, "आहे गं अजून तुझी ललिता पवार. ठेव आता, दूध उतू जातंय."